गरम खुर्ची

“दर्या गिळतो, आन् दर्याच ओकतो.”

सुलू मेहेरच्या तोंडात हे वाक्य कायमचं वस्तीला होतं. कुणाची चोरी उघडी पडो, कुणाचं जुळलेलं लग्न मोडो, सुलू नाकपुडी फुगवून एवढंच म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. बोईसरच्या कारखान्यातले लोक हसायचे. त्यांना वाटायचं, मासेवाल्यांची एखादी म्हण असेल. खरं तर ते वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं एका प्रेताशेजारी.

सातपाटीला तेव्हा बोटी वाढल्या होत्या आणि मासळी आटली होती. जाळी लावायच्या जागेवरून दोन गावांच्या बोटी भर समुद्रात एकमेकींवर चढल्या. बांबू चालले, वल्ही चालली, जाळ्यांना बांधायचे दगड चालले. सुलूचा बाप कमलाकांत कपाळात दगड बसून पाण्यात गेला. बरोबरच्यांनी पाण्यावर लाल डाग पसरताना पाहिला, मग लाटेनं तोही पुसला. बऱ्याच दिवसांनी भरतीनं त्याला किनाऱ्यावर आणून टाकलं. तोंड खेकड्यांनी खाल्लं होतं. गोदूबाईनं नवरा ओळखला तो कमरेच्या करगोट्यावरून. ती रडली नाही. पोरीचा हात हातात आवळून त्या फुगलेल्या देहाकडे बघत राहिली, आणि तेवढेच शब्द बोलली. सुलूनं ते त्याच क्षणी उचलले, जशी पोरं किनाऱ्यावरचा शिंपला उचलतात, आणि मग आयुष्यभर मुठीतून सोडले नाहीत.

गोदूबाईनं डोक्यावर पाटी घेतली आणि बोईसरचा बाजार धरला. तिच्या हातात कोयती होती आणि जिभेलाही तीच धार होती. एकदा गिऱ्हाइकाच्या गर्दीत एका माणसानं सुलूचं मनगट धरलं. पोरगी तेव्हा कॉलेजात शिकत होती. गोदूबाईनं बसल्या जागेवरून कोयती फिरवली आणि त्याचा अंगठा नखापासून दोन फाकी केला. मग स्वतःच्या पदराची चिंधी फाडून त्याला बांधून दिली.

“घरी जाऊन हळद लाव,” ती म्हणाली. “आन् आता हात धरलासच तर पापलेट घेऊन जा. ताजं हाय.”

त्यानं घेतलं. बाजारात ही गोष्ट अजून सांगतात.

अशा आईच्या पोटची सुलू पालघरला कॉम्प्युटर शिकली आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात लागली. त्या कारखान्याचं नाव मी सांगत नाही. तिथं सगळे त्याला नुसतं ‘कंपनी’ म्हणायचे. कंट्रोल रूमच्या मागे एक लहानशी थंडगार खोली होती, तिथं सुलू बसायची. तिचं काम काय, हे गोदूबाईला समजावून सांगता सांगता एक अख्खा पावसाळा गेला.

“आई, कंपनीतला प्रत्येक कॉम्प्युटर आपल्यापाशी बारीकसारीक सगळं टिपून ठेवतो. कोण आत आला, कोण बाहेर गेला, कुणी काय उघडलं, काय बदललं, कुणाचा पासवर्ड चुकला. ते सगळं मी एका जागी गोळा करते आणि बघत बसते.”

“म्हंजे चुगल्या गोळा करतेस?”

“चुगल्याच.”

“आन् त्याचा पगार देतात?”

“देतात.”

“मग आपल्या आळीतल्या बायांना घे गो कामाला. बिचाऱ्या इतकी वर्सं फुकटच करतात.”

चुगल्या म्हणा, पण त्या कामात अक्कल होती. चोर कॉम्प्युटरमध्ये शिरला की आधी आपल्या पावलांचे ठसे पुसतो. म्हणून नोंद झाली रे झाली की ती तिथं ठेवायचीच नाही. तारेतून सुलूच्या सर्व्हरवर यायची आणि तिथं दुसऱ्या कुणाचा हात पोचायचा नाही. बोटी वेगवेगळ्या, पण मासळी सगळी एकाच अंगणात वाळायला पडावी, तसं. कारखान्यात कुठल्याही कोपऱ्यात कुणी कळ दाबली तरी सुलूच्या पडद्यावर एक ओळ सरकायची. त्या ओळी बघताना तिला बापाची आठवण यायची की नाही, कुणी विचारलं नाही. पण एखादी वेडीवाकडी ओळ वर आली की तिच्या नाकपुड्या फुगायच्या.

आता त्या खुर्चीचं सांगायला हवं.

कंट्रोल रूममध्ये रिअ‍ॅक्टरच्या पॅनलसमोर एक खुर्ची होती. त्या खुर्चीतल्या माणसानं आपल्या नावानं, आपल्या पासवर्डनं लॉगिन करायचं, पाळी संपली की बाहेर पडायचं, मग पुढच्यानं आपल्या नावानं आत यायचं, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. पण ते मशीन म्हातारं होतं. एकानं बाहेर पडून दुसऱ्यानं आत येईपर्यंत पडदा काळा राहायचा, आणि तेवढा वेळ आत शिजणाऱ्या रसायनावर कुणाचीच नजर नसायची. चुलीवर दूध ठेवून कुणी डोळे मिटतं का? म्हणून पॅनलवाल्यांनी आपली रीत काढली. जाणाऱ्यानं नुसतं उठायचं आणि येणाऱ्यानं त्याच ऊबेत बसायचं. नाव पहिल्याचंच चालू राहायचं. याला ते ‘गरम खुर्ची’ म्हणायचे. नवीन माणूस आला की त्याला आधी चहा पाजायचे आणि मग ही रीत शिकवायचे.

पहिल्या पाळीला नामदेव असायचा आणि दुसऱ्या पाळीला आनंदा. दोघंही जत तालुक्यातले, सालवडला एकाच चाळीत शेजारी राहायचे. आनंदाची आई मैनाबाई दोघांचाही डबा भरायची, कारण नामदेवला घरचं कुणी नव्हतं. सुलूच्या पडद्यावर सकाळी नामदेवचं नाव उगवायचं ते दुसऱ्या दिवसापर्यंत मावळायचंच नाही.

“काय रे नाम्या,” ती जिन्यात गाठून म्हणायची, “झोपतोस कधी? माझ्याकडं तर तू दिवसरात्र राबतोयस.”

“ताई, म्हणून तर बायकू मिळंना,” नामदेव म्हणायचा. “तुमच्या यंत्रानं सगळ्या मुलखात बोभाटा केलाय, हा पोरगा घरीच जात न्हाई म्हणून.”

आनंदा मागून ओरडायचा, “ताई, त्येच्या नावानं काम मी करतो आन् शाबासकी ह्यो खातो!”

सुलूनं विक्रम साहेबांना सांगितलं होतं. विक्रम साहेब कारखान्याचे मॅनेजर, वाईट माणूस नव्हता. म्हणाले, “बॅच चालू असताना पडदा काळा करू का, तूच सांग. नवं मशीन मागितलंय. येईल.” नवं मशीन आलं नाही. दर पाळीला सुलूच्या पडद्यावर लाल इशारा लुकलुकायचा, की हा माणूस फार वेळ आत आहे. रोजच्या त्या कटकटीला कंटाळून एके दिवशी तिनं तो इशारा स्वतःच्या हातानं बंद करून टाकला. गरम खुर्चीत ती बसली नव्हती, पण बसणाऱ्यांच्या पंगतीत तीही आली.

ते सगळं झालं एका टळटळीत दुपारी.

आधी जमीन हलली. मग आवाज आला. आवाज कसला, आभाळाची कवटी फुटावी तसा. सुलूच्या खोलीची काच तिच्या अंगावर आली आणि तिच्या मानेत, दंडात बारीक बारीक रुतली. बाहेर रिअ‍ॅक्टरचं झाकण छपरातून वर गेलं होतं आणि शेजारच्या कारखान्याच्या आवारात पडलं होतं. कंट्रोल रूमची अलीकडची भिंत उभी होती, पलीकडची नव्हती. पिवळ्या धुरातून माणसं धावत येत होती, आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगावरची कातडी शर्टाच्या बाह्यांसारखी लोंबत होती. एकजण आवारातल्या शॉवरखाली उभा राहून आईला हाका मारत होता. पाणी पडत होतं तसा तो जास्तच ओरडत होता. पॅनलची खुर्ची वितळून जमिनीला चिकटली होती. आनंदा तिच्यापासून लांब, दाराशी सापडला. त्याला छाती नव्हती.

चौघं जागेवर गेले.

नामदेव तेव्हा सालवडला होता. पाळी संपवून घरी गेला होता, आंघोळ करून जेवायला बसला होता. धडाका ऐकला तसा खरकट्या हातानं, बनियनवर पळत आला आणि जखमींना उचलायला लागला.

विक्रम साहेब काजळी फासल्या तोंडानं सुलूच्या दारात उभे राहिले. त्यांच्या कानातून रक्त येत होतं आणि त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून फार मोठ्यानं बोलत होते.

“पॅनलचं मशीन जळालं! तुझ्याकडं काही आहे का?”

“आहे,” सुलू म्हणाली. तिच्या सर्व्हरचा हिरवा दिवा धुरातही चालू होता. जळायच्या आधी त्या मशीननं आपलं सगळं तिच्याकडे टाकलं होतं. तिनं काचा झटकल्या आणि ओळी वर ओढल्या. एक ओळ सापडली. स्फोटाच्या थोडं आधी तापमानाच्या अलार्मची मर्यादा वाढवली होती. म्हणजे रसायन तापत गेलं तरी घंटा वाजू नये, अशी सोय कुणीतरी केली होती.

“कुणी?” विक्रम साहेब ओरडले.

माणसाचं डोकं ठिकाणावर नसलं की जीभ सवयीनं चालते. सुलूनं पडद्यावर दिसलं ते वाचलं.

“नामदेवचं नाव आहे.”

दाराबाहेर बबलू उभा होता. ठेकेदाराचा माणूस. त्याचा भाऊ आत जळाला होता आणि त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत सोलले होते. तो वळला आणि पळाला. “नामदेव का नाम आया है!” पायऱ्यांवर त्याचा आवाज घुमला. आवाराच्या मध्यावर दुसऱ्या कुणीतरी तो झेलला आणि पुढे फेकला. गेटपर्यंत पोचता पोचता शब्दाला हातपाय फुटले. तिथं सालवडहून आलेली माणसं उभी होती, बाया छाती पिटत होत्या, आणि त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच.

“नामदेवने किया!”

नामदेव त्या वेळी गेटातून बाहेर येत होता. त्याच्या हातांवर आनंदाचं प्रेत होतं. बनियन गळ्यापासून खालपर्यंत लाल झालं होतं. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. जे दिसायला हवं होतं तेच त्यांना दिसलं.

पहिला दगड आनंदालाच लागला. मग कुणीतरी प्रेत त्याच्या हातांतून हिसकावून घेतलं आणि नामदेव एकटा राहिला. लोखंडी पाइप गुडघ्यावर बसला, तसा तो खाली बसला. फळी पाठीवर आली. तो हात वर करून काहीतरी सांगत होता, तर त्याच हातावर पाइप आला आणि मनगट उलट्या बाजूला झुकलं. बबलू आपल्या सोललेल्या हातांनी त्याचे केस धरून डोकं रस्त्यावर आपटत होता, आणि दोघांचंही रक्त डांबरावर एकत्र होत होतं. काल ज्यांनी त्याच्या हातचा चहा घेतला होता, त्यांतलेच कितीतरी जण त्याला तुडवत होते. एक बाई चपलेनं मारता मारता रडत होती. पोलिसांची गाडी अजून यायची होती. वॉचमन केबिनमध्ये कडी लावून बसला होता.

सुलूला वरच्या फुटक्या खिडकीतून हे दिसलं. कुणाला मारताहेत ते कळायला तिला क्षण लागला. का मारताहेत, ते कळायला लागला नाही.

ती पायऱ्या कशा उतरली, तिला आठवत नाही. गर्दीत शिरली तेव्हा पहिला फटका तिला खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. एकाच्या मनगटाला ती कडकडून चावली, दुसऱ्याच्या पोटात डोकं घातलं आणि नामदेवच्या अंगावर आडवी पडली. पाइप तिच्या पाठीवर दोनदा आला.

“बाजू हो!” कुणीतरी ओरडलं. “तुझ्याच मशीननं सांगितलंय!”

तेव्हा सुलूनं तोंड वर केलं, आणि तिच्या गळ्यातून सातपाटीच्या बंदराचा आवाज निघाला. तो आवाज भरतीच्या वाऱ्यावरून पलीकडच्या बोटीला हाक मारायला घडवलेला असतो.

“मशीन नाव सांगते रे, मुडद्यांनो! हात नाय सांगत!”

पाइप वरच राहिला.

“कोण म्हणवतो स्वतःला पॅनलवाला? ये पुढं! खुर्चीतून उठताना आपलं नाव काढून घेतो असा एक तरी मरद हाय का इथं? हात वर कर! तू काढतोस, रघ्या? तू काढतोस का? गेल्या दिवाळीत तू घरी लाडू खात होतास आणि तुझ्या नावावर दुसराच पंप चालवत होता. दाखवू काढून? आज तुझा नंबर लागला असता! या, मारा!”

कुणी हात वर केला नाही. पॅनलवाले एकमेकांकडे बघेनात. जे पॅनलवाले नव्हते, त्यांना नीट कळलं नाही, पण मारणाऱ्यांचे हात सैल झालेले त्यांना दिसले.

“नामदेव घरी जेवत होता,” सुलू म्हणाली. आता तिचा आवाज फाटला होता. “नाव त्याचं मागं राहिलं होतं. एवढंच.”

मग बबलूनं विचारलं. तो रडत होता. “तो कुर्सी पे कौन था, दीदी? बोलो ना. कौन था?”

सुलूनं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण गर्दीच्या कडेला मैनाबाई बसली होती. लेकाचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि उरलेलं सगळं कुणाच्या तरी चादरीखाली होतं. सुलूला एकच नाव सांगायचं होतं आणि तेवढंच सांगता येत नव्हतं. खालचा नामदेव घरघरत होता. त्याच्या नाकातोंडातून बुडबुडे येत होते. ती गप्प राहिली असती, तर पाइप पुन्हा खाली आला असता.

“सांग की गं,” मैनाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“सांगवत न्हाई व्हय? मग मी सांगते. माझा आनंदा बसला हुता. दुपारची पाळी माझ्या आनंदाची.” तिनं लेकाच्या कपाळावरची राख पदरानं पुसली. “डबा घेऊन जाताना म्हणाला, आई, ती घंटी सारखी वराडतीया, साहेब म्हणत्यात जरा वर सरकव तिला. मी म्हनलं, साहेब म्हणत्यात तर सरकव बाबा. शिकलेली माणसं हायती.”

विक्रम साहेब गेटात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. कानाचं रक्त आता त्यांच्या कॉलरवर आलं होतं.

“सोडा त्या पोराला,” मैनाबाई म्हणाली. “माझ्या हातचं खाल्लंय त्येनं. आज त्येचं ताट तसंच पडलंय.”

पाइप रस्त्यावर पडल्याचा आवाज झाला. मग दुसऱ्या पाइपचा. बबलू तिथंच उकिडवा बसला, सोललेले हात पुढे धरून, जणू ते कुणाचे तरी दुसऱ्याचेच आहेत. ज्या बाईनं चपलेनं मारलं होतं, तिनं नामदेवच्या डोक्याखाली तीच चप्पल आणि वर स्वतःची ओढणी ठेवली. चौघांनी त्याला अँब्युलन्समध्ये घातलं. नामदेव जगला, हे आताच सांगून टाकतो. एक डोळा गेला आणि हात वाकडा राहिला, पण जगला.

अँब्युलन्स गेल्यावर सुलू उठली. तिचा डावा हात लोंबत होता. ती मैनाबाईसमोर जाऊन उभी राहिली. मैनाबाईनं मान वर केली आणि बसल्या जागेवरूनच हात उगारून तिच्या पोटरीवर एक चापट मारली, आणि मग आणखी एक, जोरात. सुलू हलली नाही.

“पहिल्यांदाच का न्हाई गं बोललीस एवढं?” मैनाबाई म्हणाली. “सगळ्या गावानं मारून झाल्यावर बोललीस.”



विक्रम साहेब जवळ आले. हळू बोलायचा प्रयत्न करत होते, तरी आवाज मोठाच निघत होता. “आत चल. हात बांधून घे. कुणी विचारलं तर सांग, नोंद मशीनची आहे. तू नुसती वाचलीस. तुझ्यावर काही येत नाही.”

“येतंय, साहेब,” सुलू म्हणाली. “शब्द माझ्या तोंडातून गेला. आणि घंटा वर सरकवायला तुम्ही सांगितलंत. दोन्ही सांगून येते.”

“कुठं?”

“चौकीवर. पोलीस यायची वाट बघत बसले तर तोवर इथं तिसरंच काहीतरी नाव तयार होईल.”

“गाडी देतो. अगं, हात तुटलाय तुझा.”

“कंपनीच्या गाडीतून नको.”

ती निघाली. चांगल्या हातानं मोडका हात पोटाशी धरून, मानेतल्या काचा तशाच चमकवत, रस्त्याच्या मधोमध. गर्दी आपसूक दोन बाजूंना झाली. ज्यांनी तिला मारलं होतं ते मागे सरकले. रघू म्हणाला, “ताई, मी येतो सोबत,” आणि तिथंच उभा राहिला. समोरून टँकरवाला हॉर्न देत आला, तिला बघून त्यानं इंजिन बंद केलं आणि ती बाजूनं जाईपर्यंत स्टेअरिंगवरचे हात काढून घेतले. पिवळा धूर वाऱ्यानं सालवडकडे वळला होता. त्या धुरात तिची पाठ आधी फिकट झाली, मग नुसती हालचाल उरली, मग तीही नाही.

बाकीचे लोक तोवर आपापल्या मेलेल्यांकडे वळले होते. मैनाबाई तेवढी बघत राहिली. लेकाचं डोकं मांडीवर, हात त्याच्या केसांत, आणि डोळे रस्त्यावर.